विचारा तर खरं : आपली वस्ती कुठल्या कागदावर असते?

मागच्या महिन्यात याच पानावर मी सहज विचारलं होतं, की आपल्या भागाबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय आणि ते कुठं अडतंय. इतकं टपाल येईल असं वाटलं नव्हतं. जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात एकतीस वर्षं काढली, १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत राबले, पण तेव्हा टेबलापलीकडून असं कुणी विचारायला आलं नाही. येत होते ते दाखल्यासाठी. असो. जागा तेवढीच आहे म्हणून सहा पत्रं घेतली आहेत. बाकीच्यांनी रुसू नये.

ताई, आमची वाडी मूळ गावापासून तीन किलोमीटरवर, माळाला आहे. साठेक घरं. जलजीवन मिशनच्या साइटवर गावाचं नाव टाकलं तर शंभर टक्के नळजोडणी दाखवते. वाडीत पाइप आले, तोट्या बसल्या, पाणी मात्र आलेलं नाही. ग्रामसभेत बोललो तर उत्तर मिळतं, ‘ऑनलाइन बघ की, शंभर टक्के आहे.’ मग ही माहिती खोटी म्हणायची का? वाडीची वेगळी माहिती कुठं मिळते?
— एक तरुण वाचक, सातारा जिल्हा

खोटी म्हणण्याआधी ती कशाची आहे ते बघा. त्या पानावर मोजलेली असते ती जोडणी. तोटी बसली की जोडणी झाली. योजनेची स्वतःची व्याख्या मात्र तेवढ्यावर थांबत नाही : माणशी रोज ५५ लिटर, पिण्याजोगं आणि नियमित पाणी, असं त्यात लिहिलंय. म्हणजे भांडायचं ते त्यांच्याच व्याख्येवर बोट ठेवून. ‘आमच्याकडं पाणी नाही’ म्हणालात तर ते ऐकून घेतील आणि पुढच्या विषयावर जातील. ‘५५ लिटरच्या हिशोबानं साठ घरांना रोज किती पाणी सोडलं जातं, त्याची नोंद दाखवा’ म्हणालात, तर कुणाला तरी वही उघडावी लागेल.

दुसरी गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. या योजनेत गाव दोनदा पूर्ण होतं. एकदा पाणीपुरवठा खातं म्हणतं म्हणून, ते ‘नोंदवलेलं’. आणि एकदा गाव म्हणतं म्हणून, ते ‘प्रमाणित’. प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला सभेत वाचून दाखवायचा, आणि सगळ्या घरांना, शाळेला, अंगणवाडीला पाणी मिळतंय असा ठराव करायचा, असा तो रिवाज. तेव्हा तुमच्या गावाच्या नावापुढं यातलं काय आहे ते आधी पाहा. नुसतं नोंदवलेलं असेल तर तुमच्या हातात अजून ठराव आहे, तो घाईत होऊ देऊ नका. प्रमाणित असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन त्या तारखेचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, बघायला मागा. कोण हजर होतं, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं त्यात असतं. आपल्याच वाडीच्या माणसाची सही त्याखाली निघाली तर मात्र आधी घरी जाऊन त्यांच्याशी बोला.

वाडीच्या वेगळ्या माहितीचं दुखणं जुनं आहे. सरकारला ‘महसुली गाव’ दिसतं, वाडी दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड आहे आणि त्या कोडाखाली मूळ गाव, वाड्या, वस्त्या सगळं एकत्र कालवलेलं आहे. गट ग्रामपंचायत असेल तर आणखी गुंता : महसुली गाव एक, पंचायत दुसरीच. म्हणून पहिल्यांदा तलाठी कार्यालयात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण भाऊसाहेब म्हटलं तरी चालतं) विचारून घ्या, की आपली वाडी कुठल्या महसुली गावात मोडते. मग ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ शोधा. जनगणनेच्या साइटवर ती फुकट आहे. तिचे दोन भाग. ‘अ’ भागात गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, ओलित किती, शाळा, दवाखाना, पोस्ट, बस यांतलं गावात काय आहे आणि नसलं तर ते किती लांब आहे. ‘ब’ भागात माणसं : पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे.

त्यातही पाण्याचा आकडा वाचताना जरा हात राखून वाचा, आणि याचं कारण मी स्वतः आहे. २०१० च्या मे महिन्यात घरयादीचं, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्याचं, काम झालं. एकूण ३५ प्रश्न. त्यातला एक, पिण्याचं पाणी कुठं मिळतं : आवारात असेल तर १, जवळ असेल तर २, लांब असेल तर ३. खेड्यात ‘जवळ’ म्हणजे पाचशे मीटरच्या आत. एका दुष्काळी तालुक्यातल्या वाडीचे कागद माझ्याकडं तपासायला आले. ओळीनं २, २, २, २. अक्षर मास्तरांचं, सुबक. बेरीज जुळली, मी सही केली. तीन वर्षांनी, २०१३ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच कामासाठी त्या वाडीत गेले. हापसा होता, घरांपासून दीडएकशे पावलांवर. दांड्याला गंज, खाली कोरडी फरशी, फरशीवर शेळी बसलेली. बाया पाणी आणत होत्या ते खालच्या ओढ्यातल्या विहिरीवरून. एका म्हातारीला विचारलं, हापसा कधी बंद पडला? ती म्हणाली, ‘चालू कधी हुता?’ मास्तरांनी हापशाचं अंतर मोजलं होतं आणि मी मास्तरांची बेरीज. ते सगळे २ आजही तिथंच आहेत, माझ्या सहीचे.

तेव्हा तुमच्या वाडीची यादी तुम्हीच करा. वहीत साठ ओळी : घर, तोटी आहे का, शेवटचं पाणी कधी आलं, आत्ता पाणी कुठून आणता, किती पावलं. एका रविवारी होतं हे काम. गावात पाणी तपासायचं किट वापरायला पाच महिलांना शिकवलेलं असतं, त्या कोण हे विचारून त्यांनाही बरोबर घ्या. एका हातात ही वही आणि दुसऱ्या हातात साइटच्या पानाची तारखेसकट छापील प्रत, असं घेऊन ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. म्हणजे मे महिन्यात ऐकलं नाही तर ऑगस्टमध्ये पुन्हा उभं राहायचं.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला फ्लॅट बघतो आहोत. एजंट म्हणतो भाग एकदम सेफ. लोकवस्ती किती, शाळा कशा, पुराचं पाणी येतं का, ही खरी माहिती एका ठिकाणी कुठं मिळेल? मुलगी दुसरीत जाईल.
— एक गृहिणी, पुणे

एका ठिकाणी मिळणार नाही, हे आधीच सांगते. तुमच्या फ्लॅटचा एकच पत्ता असेल, पण महापालिकेला तो प्रभाग म्हणून माहीत आहे, भूमी अभिलेखला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर म्हणून, निवडणूकवाल्यांना यादी भाग म्हणून, पोलिसांना ठाणं म्हणून. प्रत्येकाची रेघ वेगळी. रस्त्याच्या या बाजूचं दुकान आणि त्या बाजूचं देऊळ दोन वेगवेगळ्या प्रभागांत असू शकतं. म्हणून एक कागद घ्या आणि त्या इमारतीची ही सगळी नावं आधी लिहून काढा. बिल्डरकडून सर्व्हे नंबर आणि महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळेल. तो द्यायला आढेवेढे घेतले तर तिथंच चहा संपवून उठा.

लोकवस्तीचं सांगते. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. हा आकडा अजून सगळीकडं फिरतो, पण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, ती यात धरलेली नाहीत. शिवाय जनगणनेचे वॉर्ड त्या वेळचे, आताचे प्रभाग वेगळे. आमच्या खात्यातली एक पळवाट सांगू? निवडणुकीआधी निघालेलं ‘प्रभाग रचना’ नावाचं जाडजूड दस्त महापालिकेच्या साइटवरून उतरवून घ्या. पुण्यात आता ४१ प्रभाग आहेत. त्यातल्या प्रत्येकाची २०११ ची लोकसंख्या आताच्या हद्दीप्रमाणं मांडलेली असते, अनुसूचित जाती आणि जमातींची वेगळी. पुढं चतुःसीमा : उत्तरेला अमुक रस्ता, पूर्वेला तमुक ओढा, दक्षिणेला कुणाची तरी सीमाभिंत. निवडणुकीसाठी केलेला कागद आहे, पण आपल्या भागाचं एवढं बारीक वर्णन दुसरीकडं सापडायचं नाही. बाकी नवे आकडे आता २०२७ च्या जनगणनेचेच. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

शाळेसाठी ‘युडायस प्लस’ ही शाळांच्या माहितीची सरकारी साइट. प्रत्येक शाळेला ११ आकडी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. त्यावर पट किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, मैदान हे दिसतं. पण ही माहिती शाळेनंच भरलेली असते. ‘मैदान आहे’ याचा अर्थ मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभं राहिल्यावर कळतो. दुसरीतल्या मुलीला स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का, एवढं विचारलंत तरी शाळा कळते.

आता पूर. याला मात्र वेळ द्या. नदीकाठाला जलसंपदा खात्यानं दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी जिथवर येईल ती, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी. विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दिसतात. नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून झोन दाखला मागता येतो, त्यात आरक्षणही कळतं. एवढं करूनही पाणी रेषा बघून येत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा नदीकाठच्या एकतानगरीतल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, ते पुणेकरांना सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर पूर नदीचा नव्हता, आंबिल ओढ्याचा होता. म्हणून जुना नकाशा बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे त्यांच्या तपशीलवार नकाशावर, ओढे निळ्या रेघांनी दाखवलेले असतात. जिथं आज कमान आणि क्लब हाउस आहे तिथून रेघ गेलेली दिसली, तर पाणी आपली वाट विसरलेलं नसतं हे लक्षात ठेवा. आणि इमारतीच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो हातानं दाखवील. त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

भावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला, दर फुकट दिसतो, आणि त्याच भागातल्या झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, तोही शोधता येतो. एजंटाचा आकडा त्याशेजारी ठेवून बघा.

आमच्या शिवारात रात्रीत ओढे फुटले, सोयाबीन आडवं झालं. पण कागदावर पाऊस ४१ मिलीमीटर. हा आकडा कुठून येतो?
— शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

मंडळातून येतो, तुमच्या शिवारातून नाही. पाऊस मोजायचं एकक म्हणजे महसूल मंडळ, म्हणजे पाच-पंचवीस गावांचा गट, आणि त्यात ‘महावेध’ या सरकारी प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र एखाद्या गावात. तिथल्या भांड्यात जे पडलं तोच सगळ्या मंडळाचा पाऊस. २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. आणि हे २४ तास सकाळ ते सकाळ असतात, त्यामुळं एकाच रात्रीचा पाऊस दोन तारखांत वाटला गेला असंही होतं. आधी ते तपासा. कृषी खात्याच्या ‘महारेन’ साइटवर जिल्हा, तालुका, मंडळ निवडलं की रोजचे आकडे मिळतात, मागच्या वर्षांचेही. शेजारच्या मंडळाचा आकडाही काढा. तुमचं गाव सीमेवर असेल आणि पलीकडं ९० पडला असेल, तर नुकसानभरपाईच्या अर्जात लिहायला तुम्हाला एक ओळ मिळाली.

आपलं केंद्र नक्की कुठं उभं आहे ते एकदा जाऊन बघून या. झाडाखाली आहे का, शेजारी भिंत उठली आहे का, कुणी त्यावर बी-बियाण्याची पोती वाळत घातली आहेत का. हसू नका, मी पाहिलंय. आणि घरी एक काम करा. सरळ उभ्या भिंतीचा डबा, वर-खाली सारख्या रुंदीचा, उघड्यावर ठेवा. सकाळी आत पट्टी बुडवून किती मिलीमीटर ते लिहा. सरळ डब्यात जेवढी उंची तेवढाच पाऊस, डबा लहान असो की मोठा. तुमचा डबा सरकार मानणार नाही, हे खरं. पण पंचनाम्याला आलेल्या माणसापुढं तीन महिन्यांची तारीखवार वही ठेवलीत, तर तो ती वाचतो.

माहिती अधिकारात अर्ज टाकला, ‘आमच्या गावातील रस्त्यांची संपूर्ण माहिती द्यावी व रस्ते खराब का आहेत ते कळवावे.’ महिन्यानं उत्तर आलं : माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. दहा रुपये वाया गेले.
— निवृत्त वाचक, अहिल्यानगर जिल्हा

रागावू नका काका, पण हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही हेच उत्तर लिहिलं असतं. कायद्यानं तुम्हाला कागद मागता येतो, मत मागता येत नाही. ‘का खराब’ याचा कागद कुठल्याच कपाटात नसतो. आणि ‘संपूर्ण माहिती’ वाचली की कारकून आधी घड्याळ बघतो. आम्ही अशा अर्जांना ‘समुद्र’ म्हणायचो. ‘आज किती समुद्र?’ ‘दोन.’

कागदाचं नाव घेऊन मागा. रस्त्याच्या एका कामाचा जन्म असा असतो : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिका (सगळे तिला एम. बी. म्हणतात), शेवटी देयक. तुम्ही लिहायचं ते असं : ‘मारुती मंदिर ते स्मशानभूमी या रस्त्याच्या सन २०२२-२३ मधील कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तिकेची छायाप्रत.’ बास. एक अर्ज, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा नियमच आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये. मग एम. बी. घेऊन रस्त्यावर जायचं. त्यात जाडी लिहिलेली असते. खड्ड्याच्या कडेला पट्टी लावली की डांबराचा थर आपोआप दिसतो, त्यासाठी वेगळं खणायला नको.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य जागी पाठवायची जबाबदारी त्यांची असते, तुमची नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून.

पण खरं सांगू, अर्जाआधी दोन गोष्टी करून बघा. ‘ई-ग्रामस्वराज’ या पंचायतींच्या सरकारी साइटवर तुमच्या पंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेला खर्च कामावार दिसतो. दुसरी, नोव्हेंबर २०१८ मध्ये निघालेल्या परिपत्रकाप्रमाणं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. हे पुष्कळ कार्यालयांतल्या लोकांनाच माहीत नसतं. तेव्हा परिपत्रकाची प्रत खिशात असू द्या आणि आवाज चढवू नका. सोमवारी तीन वाजता नीट बोलणारा माणूस आला, की आम्ही मुकाट्यानं गठ्ठा काढून द्यायचो. त्या गठ्ठ्यात आपल्याला न सुचलेले कागदही दिसतात, आणि मग अर्ज अगदी नेमका होतो. एक मात्र आहे, शेजाऱ्याचं उत्पन्न नि सरपंचांच्या मुलाचे मार्क असलं काही मागू नका. व्यक्तिगत माहिती मिळत नाही, आणि मागणाऱ्याची पत जाते ती वेगळीच.

अमेरिकेत राहतो. आमच्या काउंटीत मराठी बोलणारी घरं किती हे मंडळाच्या वर्गणीसाठी काढायचं आहे. जनगणनेत ‘मराठी’ सापडत नाही.
— न्यू जर्सी

सापडेल, पण एकटी नाही. त्यांच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तपशिलाचा तक्ता आहे, बी १६००१ नंबरचा. त्यात गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली यांना स्वतंत्र ओळ. मराठीची ओळ अशी : ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’. भारतात २०११ ला ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली, आणि तिकडं आपण नेपाळ्यांच्या पंक्तीला. पंगत वाईट नाही, पण वर्गणीचा अंदाज त्यावरून बांधू नका. शिवाय तो सर्व्हे नमुन्याचा आहे, प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची मर्यादा छापलेली असते. लहान भागात ती आकड्याएवढी मोठी निघते. गणपतीच्या जेवणाची ताटं मोजा, ते बरं.

माझं गाव पिंपळे सौदागर. नातवाला सांगतो इथं मळे होते, तर तो हसतो. जुन्या गावाची काही माहिती कुठं लिहून ठेवलेली आहे का?
— वय ७४, पिंपरी-चिंचवड

आजोबा, तुमच्या गावाचं नशीब फार थोड्या गावांना लाभलंय. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला गावाचं एक एक वावर, एक एक घर, एक एक कर्ज लिहून काढलं आणि १९१७ मध्ये त्याचं पुस्तक केलं. गाव तुमचंच, पिंपळे सौदागर. हिंदुस्थानात एका खेड्याची अशी बारकाईनं केलेली पाहणी त्याआधी क्वचितच झाली असेल. त्यांनी पेशवाईपर्यंत मागं जाऊन हिशोब मांडला : १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर, १९१४-१५ मध्ये ७ एकर. भावाभावांत वाटण्या होत होत वावरांचे तुकडे कसे पडले, ते त्यात आहे. पुस्तक इंग्रजीत आहे आणि जुनं असल्यामुळं इंटरनेटवरच्या ग्रंथसंग्रहांत वाचायला मिळतं. आज तिथं एकराचा भाव कुणी काढत नाही, चौरस फुटाचा काढतात. नातवाला पुस्तक उतरवून द्यायला सांगा, म्हणजे वाचताना हसायचा थांबेल.

सोबत १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर बघा, ते राज्याच्या दर्शनिका विभागाच्या साइटवर आहे. आणि घरात वडिलांच्या वेळचा सातबारा असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवा. त्यातल्या गाव नमुना बाराच्या बाजूला त्या वर्षी वावरात काय पेरलं होतं ते लिहिलेलं असतं. मळ्याचा पुरावा तिथं आहे, तुमच्याच ट्रंकेत.

दुरुस्ती

मागच्या अंकात घरपट्टीबद्दल लिहिताना ‘ग्रामपंचायतीतून आठ-अ काढा’ असं माझ्या हातून गेलं. तीन वाचकांनी कान पकडला, त्यांतले एक निवृत्त ग्रामसेवक. आठ-अ तलाठ्याकडं मिळतो आणि तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो. ग्रामपंचायतीत मिळतो तो नमुना ८, घराच्या कर आकारणीचा. एका वाचक बाई माझं वाचून दोन्ही कार्यालयांत हेलपाटे घालून आल्या, त्यांची मी माफी मागते. त्यांनी पत्राच्या शेवटी रिक्षाभाड्याचा हिशोबही लिहिला आहे, ऐंशी रुपये. संपादकांना दाखवलाय.